शिष्यवृत्तीच्या अर्जात घरची गरिबी लिहावी का?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात आमच्या अभ्यासिकेच्या वतीने केलेले भाषण)



आम्हाला शिक्षणावर बोलायला सांगितले आहे. शिक्षण का घ्यावे, हे या सभागृहात कोणाला पटवून द्यावे लागत नाही. म्हणून आम्ही एकच प्रश्न घेऊन उभे आहोत. अभ्यासिकेत मुले शिष्यवृत्तीचे अर्ज घेऊन येतात. त्या अर्जात, विशेषतः खाजगी संस्थांच्या आणि परदेशी विद्यापीठांच्या अर्जात, एक निबंध लिहायचा असतो. स्वतःविषयी लिहा, अडचणींविषयी लिहा, पुढे काय करणार ते लिहा. आणि तिथेच मुलांचा हात थांबतो. घरची तंगी लिहायची की नाही?

घरातून दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "काही लिहू नकोस, घरची अब्रू बाहेर कशाला काढायची?" दुसरा म्हणतो, "चांगलं रडकं लिही, त्याशिवाय पैसे कोण देणार?" दोन्ही सल्ले मायेपोटीच आलेले असतात. पण दोन्ही सल्ल्यांनी मुलाचे नुकसान होताना आम्ही पाहिले आहे. आमचे म्हणणे असे की, गरिबी लिहावी. पण हिशोबासारखी लिहावी, एकदाच लिहावी, आणि त्या परिस्थितीत आपण काय केले हे तिच्या शेजारीच लिहावे. हे असे का, ते आता सांगतो.

सर्वांत आधी अर्जाअर्जातला फरक समजून घ्या. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि आपल्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा असा त्यांचा आग्रह होता. आज हा अर्ज महाडीबीटीवर भरतात. त्यात जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, गुणपत्रक लागते. निबंध लागत नाही. तिथे गरिबी सांगण्याचे काम तहसीलदाराचा दाखला करतो. ती शिष्यवृत्ती आपला हक्क आहे, आणि हक्कासाठी कोणाचे मन द्रवावे लागत नाही. म्हणून पालकहो, दाखले वेळेवर काढून ठेवा. जून-जुलैत सेतू कार्यालयाच्या रांगेत उभे राहण्याची वेळ येऊ देऊ नका.

दुसरा प्रकार खाजगी ट्रस्ट, कंपन्या, खाजगी विद्यापीठे आणि परदेशातल्या शिष्यवृत्त्यांचा. इथे दाखल्याबरोबर निबंध लागतो. पण इथेही प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. इंग्लंडच्या सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घ्या. ती विचारते नेतृत्वाविषयी आणि पुढच्या कामाविषयी. तिथे पानभर गरिबी लिहिली तर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरच राहून जाते. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत आई-वडिलांचे उत्पन्न, कर्ज, घरातली माणसे यांसाठी स्वतंत्र फॉर्म असतो. तिथल्या शेकडो कॉलेजांचा जो एकत्रित अर्ज आहे, त्यातला निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. म्हणजे साधारण दीड पान. त्या दीड पानात मूल कसे आहे हे त्यांना बघायचे असते. आपल्या मुंबईतला जे. एन. टाटा एंडोमेंट हा न्यास १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. ती परत फेडायची असते. तिथे शिकून आल्यावर हा विद्यार्थी काय करील, हेही तोलले जाणारच. तेव्हा पहिला नियम हा: प्रश्न काय आहे तो दोनदा वाचा. पैशाचा प्रश्न असेल तर पैशाचे उत्तर द्या. कामाचा प्रश्न असेल तर कामाचे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे नव्या जमान्याचे. तसे नाही मित्रांनो. आपल्या सर्वांच्या जीवनाला वळण देणारी एक शिष्यवृत्ती याच प्रश्नातून गेली आहे.

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांचा सत्कार झाला, त्या वेळी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च सुभेदार रामजींना झेपेना, तेव्हा केळुसकर गुरुजींनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. परिस्थिती लपवली असती तर गुरुजींना ती कळली नसती, आणि महाराजांपर्यंत गेलीही नसती. म्हणजे अडचण योग्य माणसाला सांगण्यात कमीपणा नाही, हा पहिला धडा.

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी बाबा गेले. घराचा आधार गेला. त्याच वर्षी बडोदा सरकार काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार होते. महाराजांशी मुंबईत भेट झाली. काय शिकणार आणि शिकून काय करणार, असे महाराजांनी विचारले. समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकून आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचा मार्ग शोधीन, अशा आशयाचे उत्तर तरुण भीमरावांनी दिल्याचे चरित्रकार सांगतात. बघा, नुकतेच पितृछत्र हरपलेले, खिसा रिकामा. पण प्रश्न शिक्षणाचा होता, तर उत्तरही शिक्षणाचे दिले. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली आणि त्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले.

पुढची गोष्टही लक्षात ठेवा. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तिथेही पैसे कमी पडले, तेव्हा १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून आपली अडचण कळवली आणि रक्कम मागितली ती कर्ज म्हणून. अडचण सांगितली, पण मान खाली घालून नव्हे. १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. त्यांच्या नावापुढे लागली. अर्ज लिहायला बसलेल्या मुलाने एवढे जरी आठवले तरी त्याची अर्धी लाज पळून जाईल.

आणखी मागे जाऊ. १८५५ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजाची मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. विद्यार्थिनीने आपल्या माणसांच्या हालांवर लिहिलेला तो निबंध आज पावणेदोनशे वर्षांनीही वाचला जातो. का? त्यात उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल आहेत, पेशवाईतला जुलूम आहे. पण ती तिथे थांबली नाही. धर्माचा अधिकार आम्हाला का नाही, असा सरळ सवाल तिने टाकला आणि आपल्याच लोकांना शिका म्हणून सांगितले. तिने कोणाकडे दया मागितली नाही. जे पाहिले ते मांडले, मग त्यावर स्वतःचा विचार मांडला. तुमच्या निबंधालाही याहून वेगळी रीत लागत नाही.

तरी अब्रूचा मुद्दा राहतोच. तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा आपल्याच शिकलेल्या माणसांत वाद झाले. जुनी घाण वेशीवर कशाला टांगता, असे काहींचे म्हणणे होते. पुढे २००३ साली उर्मिला पवारांचे 'आयदान' आले. आई बांबूची सुपे-टोपल्या विणायची, त्या विणकामाचेच नाव पुस्तकाला दिले. आईच्या हातातले काम पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गेले आणि कोणाची अब्रू गेली नाही. आपल्या उल्हासनगरातही बघा. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे लष्करी छावणीच्या बराकीत येऊन राहिली, १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकीत दिवस काढल्याच्या आणि लोकलमध्ये फेरीवर माल विकल्याच्या गोष्टी तिथली जुनी माणसे आजही ताठ मानेने सांगतात.

पण इथे एक फरक केला पाहिजे. आत्मचरित्र लिहिणारा लेखक प्रौढ असतो, स्वतःच्या मर्जीने लिहितो. सतरा वर्षांची मुलगी पैशाच्या गरजेपोटी लिहिते. तिच्यावर जबरदस्ती नको. अमेरिकेत हाच वाद आता जोरात आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जूनमध्ये प्रवेशात वंशाला दिले जाणारे महत्त्व बंद केले. मात्र वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिले तर ते विचारात घ्यायला हरकत नाही, असेही निकालात म्हटले. त्यामुळे निबंधाचे वजन वाढले, आणि काळ्या मुलांनी प्रवेशासाठी आपल्या जखमा मांडून दाखवायच्या का, असा प्रश्न तिथले पालक विचारू लागले. तो प्रश्न आपलाही आहे. जातीचा अनुभव आणि पैशाची तंगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींपैकी काय लिहायचे, काय झाकून ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या मुलाचा. ज्याला लिहायचे नाही त्याने उत्पन्नाचा दाखला जोडावा, निबंधात आपला विषय आणि आपले काम लिहावे. त्यात काही खोटे होत नाही.

एक प्रसंग सांगतो, नाव सांगत नाही. अंबरनाथची एक मुलगी निबंध घेऊन आली. वडिलांचे काम सुटलेले. आई उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे आणून घरी धागे कापायची, नगावर पैसे. मुलीने इंग्रजीत छान लिहिले होते. आम्ही तिला एवढेच विचारले, "आईला वाचून दाखवलंस का?" ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. मुलीने एकेक वाक्य मराठीत करून सांगितले. आई ऐकत होती. एका ठिकाणी निबंधात होते की, आई रात्री दिव्याखाली रडत रडत धागे कापायची. आई म्हणाली, "दादा, बाकी सगळं खरं आहे. पण मी रडत नव्हते. मी नग मोजत होते. ते रडायचं काढा, आणि रात्रीत किती नग व्हायचे ते लिहा." मुलीने ते वाक्य काढले आणि आकडा लिहिला. निबंध दुप्पट चांगला झाला. आम्ही गेली कित्येक वर्षे मुलांना जे समजावत होतो, ते त्या माउलीने दोन वाक्यांत सांगितले.

म्हणून दुसरा नियम: ज्यांच्या आयुष्याविषयी लिहिता, त्यांना आधी वाचून दाखवा. ती गरिबी तुमच्या एकट्याची नाही. आई-वडिलांची आहे, लहान भावंडांची आहे. वडिलांचे व्यसन, घरातली भांडणे, कोणाचे आजारपण, कोणाकडून घेतलेले कर्ज, हे त्यांच्या संमतीवाचून कागदावर आणू नका. बहुतेक वेळा त्याची गरजही नसते.

तिसरा नियम: विशेषणे काढा, आकडे घाला. "मी अत्यंत गरीब आणि हलाखीच्या परिस्थितीतून शिकत आहे, तरी कृपया मदत करावी," हे वाक्य गठ्ठ्यातल्या दर दुसऱ्या अर्जात असते. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी, समजा, असे लिहिले: वडील एमआयडीसीत कंत्राटी कामगार, वर्षातून दोन-तीन महिने काम नसते. एका खोलीत आम्ही पाचजण. बदलापूरहून मुंबईच्या कॉलेजला जायला-यायला रोज तीन तास लागतात, ते उभ्यानेच. आता हिशोब करा. रोजचे तीन तास आणि वर्षाचे दोनशे दिवस म्हणजे सहाशे तास. कॉलेजच्या शेजारी राहणाऱ्या मुलाकडे ते सहाशे तास जादा आहेत. हे तुम्ही सांगितले नाही तर दिल्लीत किंवा लंडनमध्ये बसलेल्या परीक्षकाला कसे कळणार? त्याला कर्जत लोकल माहीत नाही. त्याला तुमची ६८ टक्के दिसतात, त्या टक्क्यांमागचे सहाशे तास दिसत नाहीत. गरिबी लिहायची ती यासाठी. गुणपत्रिका जे सांगत नाही ते सांगण्यासाठी.

तसेच एखाद्या वर्षी गुण घसरले असतील तर कारण दोन ओळींत लिहा. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. त्या पाण्यात कितीतरी घरांतली वह्या-पुस्तके गेली असतील. असे काही तुमच्या घरी झाले असेल तर तारीख घाला, काय गेले ते लिहा, परत अभ्यासाला कधी आणि कसे लागलात ते लिहा. आणि पुढे चला.

चौथा नियम: परिस्थितीला निबंधाचा चौथा हिस्सा द्या, त्याहून जास्त नको. उरलेले तीन हिस्से तुमचे. कोणता विषय आवडतो, का आवडतो, काय वाचले, काय करून पाहिले, पुढे काय करणार. पैसे देणारा शेवटी तुमच्या उद्यावर पैसे लावतो. नुसता कालचा दिवस सांगून भागत नाही. आणि घरकाम, लहान भावाचा अभ्यास घेणे, शिकवण्या घेणे, आजीला दवाखान्यात नेणे, हे मोठ्या अभिमानाने लिहा. विशेषतः मुलींनी. तुम्ही त्याला काम समजतच नाही, म्हणून ते अर्जात येत नाही. ती जबाबदारी आहे, आणि जबाबदारी पेलणे म्हणजेच नेतृत्व.

पाचवा नियम सांगायची वेळ येऊ नये, पण सांगतो. खोटे लिहू नका. उत्पन्न कमी दाखवणे, नसलेले दुःख रंगवणे, दुसऱ्याच्या अर्जातली गोष्ट आपली म्हणून उतरवणे, हे चालू आहे. पंचशीलातले चौथे शील आपण विहारात हात जोडून म्हणतो, ते अर्ज भरतानाही लागू असते. शिवाय व्यवहारही बघा. मुलाखतीत दोन प्रश्न विचारले की रंग उडतो. आणि जागा मोजक्या असतात. खोट्या गरिबीने घेतलेली जागा एखाद्या खऱ्या गरजवंताची असते, कदाचित याच गल्लीतल्या.

आता पालकांना एक विनंती. मुलांना घरचे खरे उत्पन्न सांगा. पगार किती, भाडे किती, भिशी किती, कर्जाचा हप्ता किती. आपण मुलांपासून हे लपवतो, त्यांना टेन्शन नको म्हणून. मग अठरा वर्षांचा मुलगा अर्जात घरखर्चाचा रकाना अंदाजाने भरतो. एके संध्याकाळी वही घेऊन बसा आणि महिन्याचा जमाखर्च त्याच्यासमोर मांडा. तो खचणार नाही. उलट त्याला कळेल की एवढ्यात हे घर कसे चालले आहे, आणि कोणी चालवले आहे.

जे शिकून नोकरीला लागले त्या बंधू-भगिनींनाही सांगणे आहे. वर्गणी तर तुम्ही देताच. आता महिन्यातला एक रविवार द्या. एका मुलाचा निबंध वाचा, इंग्रजी दुरुस्त करा, पण त्याची गोष्ट त्याचीच राहू द्या. तुमच्या भाषेने ती झाकू नका. मुलाखतीचा सराव घ्या. "वडील काय करतात?" हा प्रश्न आला की आपली मुले अजून नजर खाली घालतात. त्या प्रश्नाचे उत्तर वर बघून, एका वाक्यात द्यायला त्यांना शिकवा. कंत्राटी कामगार आहेत. रिक्षा चालवतात. आई चार घरची कामे करते. बस्स, पुढचा प्रश्न.

अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी वंदनेनंतर अर्ज तपासायला बसू असे आम्ही ठरवले आहे. येताना दाखल्यांच्या झेरॉक्स आणा, लिहिलेला निबंध आणा, आणि जमले तर आईलाही घेऊन या.